किळस आणि नैतिक निवाडा : कित्फोच्या वर्णनाच्या निमित्ताने

१

एखाद्या खाद्यपदार्थाचे नुसते वर्णन ऐकून श्रोत्याच्या कपाळावर जी आठी पडते, तिला नैतिक प्रतिक्रिया म्हणावे काय? की ती केवळ शरीराची सवय असते आणि नीतीचा वेष आपण तिच्यावर मागाहून चढवतो? हा प्रश्न माझ्यापुरता तरी ग्रंथांतून उद्भवलेला नाही. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात पाकक्रियावाचक क्रियापदांच्या अर्थक्षेत्रावर चर्चा चालू होती. भाजणे, उकडणे, परतणे, तळणे, वाफवणे यांची व्यावर्तक लक्षणे कोणती, याचा तक्ता फळ्यावर मांडला होता. शेजारच्या विभागात संशोधनासाठी आलेला इथिओपियाचा एक विद्यार्थी त्या दिवशी वर्गात बसला होता. त्याच्या भाषेतील एखादे उदाहरण त्याने द्यावे, अशी विनंती मी केली. तो गुरागे समाजातला. आपल्याकडील सणाच्या पदार्थाचे, कित्फोचे, वर्णन तो करू लागला : बैलाचे मांस अगदी बारीक चिरायचे, मसाल्याचे तूप कोमट करायचे, तिखट घालायचे, कालवायचे. कोणीतरी विचारले, "आणि मग शिजवायचे कसे?" तो म्हणाला, "शिजवायचे नाही. झाले."

पुढच्या बाकावर कोणी नाकाला रुमाल लावला, मागून हसण्याचा आवाज आला. मी "पुढचे उदाहरण घेऊ" असे म्हणून फळ्याकडे वळलो. तासाचा वेळ मर्यादित होता, ही सबब मी स्वतःला दिली. वस्तुतः वर्गाची किळस मला सांभाळायची होती आणि तीत माझी किळसही मिसळलेली होती. विद्यार्थी खाली बसला. त्या दिवशी तो पुन्हा बोलला नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आमच्यासमोर तो पदार्थ नव्हता. महाराष्ट्रात २०१५ साली अमलात आलेल्या कायदेदुरुस्तीनंतर गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे तो येथे करून दाखवण्याचा प्रश्नच नव्हता. वर्गात होते ते फक्त शब्द. गंध नाही, रंग नाही, स्पर्श नाही. तरीही रुमाल नाकाला गेला. म्हणजे ही किळस वस्तूची नव्हती, वर्णनाची होती. आणि वर्णनाला दिलेला प्रतिसाद हा साहित्यसमीक्षेच्या कक्षेतलाच विषय आहे. प्रस्तुत विवेचन त्याच अंगाने करावयाचे आहे.

२

प्रथम पदार्थाकडे वळू. इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा हिच्या नैर्ऋत्येला गुरागे लोकांचा प्रदेश आहे. कित्फो हा मूळचा त्यांचा, आज मात्र सर्व देशात मानाने खाल्ला जाणारा पदार्थ. त्यासाठी जनावराच्या ज्या भागात चरबी आणि शिरा कमीत कमी, तो लाल भाग निवडतात. उरलीसुरली चरबी आणि पांढरे धागे सुरीने काढून टाकतात आणि मांस लाकडी फळीवर सुरीने इतके बारीक करतात की दाताखाली तंतू येऊ नये. तूप साधे नसते. लोणी मंद आचेवर कढवताना त्यात कोरारिमा (ही तिकडची वेलदोड्याच्या जातीची मोठी वेलची), मेथी, हळद, कोसेरेत नावाची सुवासिक पाने आणि तुळशीच्या कुळातील एक वनस्पती घालतात आणि मग ते गाळतात. याला 'नितेर किब्बे' म्हणतात. तिखटाचे नाव 'मितमिता' : वाळवलेल्या लहान, जहाल मिरच्या, कोरारिमा, लवंग आणि मीठ यांची पूड. तूप कोमट असते. ते मांसाला लागावे, पण मांस शिजू नये, इतकेच. ज्याला नुसते कोमटलेले हवे त्याच्यासाठी 'लेब लेब' आणि ज्याला पूर्ण शिजवलेले हवे त्याच्यासाठी 'येबेसेले' असे प्रकार आहेत. म्हणजे अग्नी किती आणि का, हा निर्णय तेथेही घेतला जातो. अग्नीचे अज्ञान या पदार्थाच्या मुळाशी नाही.

आता नावाकडे पाहू. अम्हारिक आणि तिच्या भगिनीभाषांत क-त-फ या धातूचा अर्थ बारीक चिरणे असा आहे. कित्फो म्हणजे बारीक चिरलेले. ज्यांचा हा पदार्थ, त्यांनी त्याला सुरीच्या क्रियेवरून नाव दिले. 'कच्चे मांस' हे नाव आपण देतो आणि ते अग्नीच्या अभावावरून देतो. एका नावात क्रिया आहे, दुसऱ्यात उणीव. मराठीत तर ही उणीव अधिकच गडद होते. 'कच्चा' हे विशेषण आपण अपुरेपणासाठी वापरतो : कच्चा खर्डा, कच्चे बांधकाम, कच्चा लिंबू, कच्चे कान. जे पुरे झालेले नाही, ज्यावर भरवसा ठेवता येत नाही, ते कच्चे. त्यामुळे 'कच्चे मांस खाणारे' असे म्हणताच ते लोकही, त्यांची संस्कृतीही, नकळत अर्धवट ठरते. निवाडा पुराव्यातून निघण्याऐवजी विशेषणातच आधी बसलेला असतो.

गंमत अशी की आपल्याच भाषेत या कोंडीतून सुटण्याची वाट आहे. लोणच्यातील कैरीला अग्नी लागलेला नसतो. तिला आपण कच्ची म्हणत नाही, मुरलेली म्हणतो. कोशिंबीर कच्ची असते, पण तिचा उल्लेख तसा होत नाही. 'कालवणे' हे तर स्वतंत्र, प्रतिष्ठित पाकक्रियापद आहे. 'कालवण' हे नाम त्यावरूनच आले. माझ्या फळ्यावरच्या तक्त्यात ते नव्हते. विद्यार्थ्याने जी क्रिया सांगितली तिच्यासाठी मराठी शब्द तयार होता आणि मराठीचा अध्यापक तो विसरला होता.

३

कच्चे आणि शिजलेले या द्वंद्वाला आधुनिक विचारात जी प्रतिष्ठा आहे, ती मुख्यतः क्लोद लेव्ही-स्त्रोस याच्यामुळे. त्याच्या 'पुराणकथाशास्त्र' या ग्रंथमालेच्या १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडाचे नावच 'कच्चे आणि शिजलेले' असे आहे. निसर्ग आणि संस्कृती यांच्यातील संक्रमण पाकक्रियेच्या रूपकातून कसे विचारात घेतले जाते, हे त्याने दक्षिण अमेरिकेतील पुराणकथांच्या आधारे मांडले. पुढे कच्चे, शिजलेले आणि कुजलेले असा त्रिकोणही त्याने कल्पिला. आपल्याकडील संरचनावादाच्या चर्चेत हा त्रिकोण पुष्कळदा येतो. परंतु एक गोष्ट निसटते. निखळ कच्चे असे काही खाल्ले जात नाही, ते निवडून, धुऊन, सोलून, चिरून, मीठमसाला लावूनच पानात येते, हे लेव्ही-स्त्रोसने स्वतःच नमूद केले आहे. कच्चे हे त्याच्या विचारात एक तार्किक स्थान आहे. कोणत्याही समाजाचे ते वर्णन नव्हे.

कित्फोचे ताट हा या मुद्द्याचा उत्तम दाखला आहे. मांसाबरोबर तेथे 'अयिब' वाढतात. ताक तापवून, फाडून, निथळून केलेले ते मऊ छाना. 'गोमेन' ही शिजवलेली पालेभाजी. आणि 'कोचो' ही भाकरी. ती केळीसारख्या दिसणाऱ्या एन्सेट या झाडापासून होते : खोडाचा आणि कंदाचा गर खरवडून, पानांचे अस्तर लावलेल्या खड्ड्यात तो महिनोन्महिने आंबवतात आणि मग भाजतात. म्हणजे एकाच ताटात त्रिकोणाची तिन्ही टोके हजर आहेत : न शिजलेले मांस, तापवलेले छाना आणि भाजी, आंबवलेली भाकरी. ही रचना ज्यांनी केली, त्यांना कच्चे आणि शिजलेले यांतील भेद आपल्याहून कमी समजतो, असे म्हणणे अवघड आहे. त्यांनी तो भेद ओलांडलेला नाही. त्याची मांडणी केली आहे.

४

परंतु हे ताट जगापुढे आले ते मांडणी म्हणून नव्हे. स्कॉटिश प्रवासी जेम्स ब्रूस १७६९ ते १७७१ या काळात तेथे होता. १७७४ साली तो लंडनला परतला आणि त्याने सांगितलेल्या गोष्टींनी खळबळ उडाली. अक्सुमजवळ आपण तीन सैनिकांना जिवंत गाईच्या मागच्या भागातून मांसाचे तुकडे कापताना पाहिले. त्यांनी कातडी पुन्हा जुळवून, वर चिखल लिंपून, गाय पुढे हाकली, असे त्याचे कथन होते. मेजवान्यांतील न शिजवलेल्या मांसाचे वर्णनही त्याने रंगवून केले. सॅम्युअल जॉन्सनने १७३५ साली लोबो या जेझुइटाच्या अबिसिनिया-वृत्तान्ताचे भाषांतर केले होते आणि १७५९ साली आपल्या 'रासेलस' या कथेचा नायक त्याच देशाचा राजपुत्र योजला होता. ब्रूसच्या सांगण्यावर त्याचा विश्वास बसला नाही. १७९० साली ब्रूसचे पाच खंड निघाले, तेव्हाही थट्टा थांबली नाही. १७९२ साली मुन्शाउसेनच्या गप्पांचा एक उत्तरभाग उपरोधाने त्यालाच अर्पण करण्यात आला.

या वादाची रचना पाहण्यासारखी आहे. एक पक्ष म्हणे, हे खरे असून हे लोक रानटी आहेत. दुसरा म्हणे, हे इतके रानटी आहे की खरे असूच शकत नाही. किळस दोन्ही पक्षांना समान आहे. एकाकडे ती निवाडा बनते, दुसऱ्याकडे अविश्वास. मांस निवडणारा, चिरणारा, तूप कढवणारा माणूस दोघांच्याही वाक्यांत कर्ता म्हणून येत नाही. जिवंत जनावराला कापण्याचा प्रसंग आणि सणाचा रांधलेला पदार्थ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी. पण किळसेच्या प्रकाशात त्या एकमेकींत विरघळल्या. पहिलीत क्रौर्याचा खराखुरा नैतिक प्रश्न आहे. दुसरीत तो तसा नाही. किळस त्यांतला भेद करू शकली नाही, ही तिच्याविरुद्धची पहिली साक्ष.

ज्या वर्षी ब्रूसचे खंड निघाले, त्याच १७९० साली कांटचा निर्णयशक्तीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. कुरूपतेचे सर्व प्रकार कलेत सुंदर रीतीने दाखवता येतात, अपवाद फक्त किळसवाण्याचा, असे कांट तेथे म्हणतो. कारण किळस येताच चित्रण आणि वस्तू यांतील अंतर नाहीसे होते. आमच्या वर्गात नेमके हेच घडले होते. शब्द हाच पदार्थ झाला.

भारतीय काव्यशास्त्राची भूमिका येथे वेगळी आहे आणि ती केवळ अभिमानापोटी सांगण्याची गोष्ट नव्हे. भरताने जुगुप्सेला स्थायिभावाचे स्थान देऊन बीभत्साला रसांत बसवले. त्याच्या विभावांत अनिष्टाच्या दर्शनाबरोबर श्रवण आणि कीर्तनही मोजले आहे. अनुभावांत तोंड वाकडे होणे आहे. शब्दाने किळस येते हे त्याला ठाऊक होते. तरीही ती आस्वादाबाहेर घालवावी, असे त्याला वाटले नाही. पुढे भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांनी साधारणीकरणाची जी उपपत्ती दिली, तिच्या आधारे असे म्हणता येईल की जुगुप्सा रसत्वाला पोचते तेव्हा 'माझी किळस' उरत नाही. किळस म्हणजे काय, हे प्रेक्षकाला पाहता येते. रसाचे स्वरूप सांगताना भरताने नाना व्यंजनांनी युक्त अन्नाचाच दृष्टान्त द्यावा, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. किळस दाबणे किंवा तिच्या आज्ञेत वागणे याखेरीज तिसरी शक्यता आहे : तिच्याकडे पाहत थांबणे. मी फळ्याकडे वळलो तेव्हा नाकारली ती हीच शक्यता.

५

आता मूळ प्रश्न. किळसेत काही नैतिक ज्ञान असते काय? लिऑन कास याने १९९७ साली मानवी प्रतिकृतीच्या संदर्भात असा पक्ष मांडला की काही बाबतींत आपला तिटकारा हा युक्तिवादाच्या पलीकडचे शहाणपण व्यक्त करतो. मार्था नुसबाउम हिने २००४ च्या आपल्या ग्रंथात याच्या उलट प्रतिपादन केले : किळस स्वतःच्या प्राणिपणापासून, नश्वरतेपासून पळ काढते आणि तो मळ दुर्बल समूहांवर टाकते, म्हणून कायद्याचा आधार होण्यास ती अपात्र आहे. दोन्ही पक्ष येथे तपासून पाहू.

शिजवलेले मांस निःशंकपणे खाणारा माणूस कित्फोच्या वर्णनाने शहारतो. त्याच्या शहाऱ्याला नैतिक आशय द्यायचा, तर मांस शिजवल्याने हत्येच्या नैतिक स्वरूपात काही फरक पडतो, हे दाखवावे लागेल. तसा फरक पडत नाही. जनावर चुलीपूर्वीच मेलेले असते. जो शाकाहारी हत्येलाच आक्षेप घेतो, त्याचा आक्षेप खरोखर नैतिक आहे; पण मग तो कित्फोला आणि बिर्याणीला सारखाच लागू पडतो, आणि कच्चेपणाचा त्यात कोठेच संबंध येत नाही. अग्नीने बदलते ते आपले स्मरण. रंग जातो, रक्त जाते, आणि प्राण्याची आठवण पुसट होते. न शिजलेले मांस ती आठवण ठेवते. तेव्हा कासच्या पक्षात एवढे मान्य करावे लागते की किळसेला काहीतरी कळलेले असते : येथे एक प्राणी होता. पण हे कळताच ती त्या प्राण्याकडे जात नाही, खाणाऱ्याकडे वळते. तेथे नुसबाउमचे म्हणणे खरे ठरते.

आरोग्याचा आक्षेप वेगळा ठेवला पाहिजे. न शिजवलेल्या गोमांसातून पट्टकृमीची लागण होते आणि इथिओपियात हा विकार जुना आहे. तो तेथील लोकांना आपल्याआधी माहीत होता. कोसो या वृक्षाची फुले त्यावर रेचक म्हणून ठराविक काळाने घेण्याची पद्धत होती आणि ब्रूसनेही या झाडाचे वर्णन केले आहे. हा आक्षेप कारणांनी मांडता येतो, त्याला उत्तर देता येते, त्यावरून पशुवैद्यकीय तपासणी किंवा 'लेब लेब' असा मार्ग निघतो. किळसेला उत्तर देता येत नाही. ज्याला उत्तर देता येत नाही तो युक्तिवाद नव्हे, एवढा साधा निकष येथे पुरेसा आहे.

६

यावरून 'ज्याची त्याची संस्कृती' असे म्हणून मोकळे होता येईल, असे काहींना वाटेल. मला ते किळसेचेच सभ्य रूप वाटते. तेही पाहण्याचे नाकारते. कारण त्या पदार्थाभोवती त्यांचे स्वतःचे नैतिक जग आहे आणि त्यातले प्रश्नही आहेत. इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चचे अनुयायी बुधवारी, शुक्रवारी आणि ईस्टरपूर्वीचे ५५ दिवस मांस, दूध, लोणी, अंडी वर्ज्य करतात. वर्षाचे सुमारे १८० दिवस उपवासाचे, धर्माधिकाऱ्यांसाठी त्याहूनही अधिक. त्या दिवशी कित्फो अशक्य. ख्रिश्चन आणि मुसलमान एकमेकांनी मारलेल्या जनावराचे मांस खात नाहीत. सप्टेंबरअखेरच्या मेस्केल सणाला शहरांत पांगलेले गुरागे गावी परततात. अनेक जण मिळून बैल विकत घेऊन सारखे वाटे करण्याच्या प्रथेला 'किर्चा' म्हणतात. जेवताना दुसऱ्याच्या तोंडात स्वतःच्या हाताने घास भरवणे, 'गुर्शा', हे प्रेमाचे आणि मानाचे लक्षण. आणि एन्सेटचे खोड खरवडण्याचे, गर पुरण्याचे कष्ट स्त्रियांच्या वाट्याला येतात. केव्हा खावे, कोणी मारावे, कोणाला किती वाटा, कोणाच्या श्रमावर, हे खरे नैतिक प्रश्न. ते दिसण्यासाठी आधी रुमाल खाली यावा लागतो.

हे सारे मला दूरचे वाटत नाही, याचे कारण मराठी वाचकाने हा रुमाल पूर्वीही नाकाला लावलेला आहे. दलित आत्मकथनांतील मेलेल्या ढोरांच्या मांसाची वर्णने १९७० आणि १९८० च्या दशकांत वाचली गेली, तेव्हा काही अभिरुचिसंपन्न समीक्षकांनी ती 'अकलात्मक' ठरवली. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आले तेव्हा महार-मांगांच्या स्वयंपाकाला प्रथमच पाककृतीच्या भाषेत सविस्तर स्थान मिळाले. आता, १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. आंबेडकरांनीही मृतमांस सोडण्याचे आवाहन केले होते, ते काय किळसेपोटी? त्या आवाहनाचा कर्ता आणि श्रोता एकाच पंक्तीत होते. ते लादलेल्या जिण्याविरुद्ध होते, त्याला कारणे होती, आणि ज्यांना ते उद्देशून होते त्यांच्या प्रतिष्ठेची वाढ हा त्याचा हेतू होता. सवर्ण वाचकाची आठी याच पदार्थावर पडली, पण तिने त्याच माणसांना आणखी दूर लोटले. निषिद्ध वस्तू एकच. एक निवाडा नैतिक, दुसरा केवळ किळस. फरक वस्तूत नाही, बोलणारा कोठे उभा आहे आणि पुढचे ऐकायला थांबतो की नाही, यात आहे.

यावरून किळस खोटी ठरत नाही. मी आजही कित्फो खाऊ शकेन असे मला वाटत नाही आणि तसे खाऊन दाखवण्यात काही नैतिक पराक्रम आहे, असेही वाटत नाही. न खाण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. न ऐकण्याचा अधिकार अध्यापकाला, समीक्षकाला, वाचकाला आहे काय, एवढाच प्रश्न आहे. आणि माझे उत्तर नकारार्थी आहे.

त्या तासानंतर काही दिवसांनी त्या विद्यार्थ्याने मला एक कागद आणून दिला. त्यावर कित्फोची कृती होती, पायरीपायरीने, प्रत्येक क्रियापद त्याच्या भाषेत आणि पुढे अर्थ. त्याने त्याबद्दल काही म्हटले नाही. अपुरे राहिलेले उदाहरण पुरे केले, एवढेच. पुढच्या वर्षी तोच पाठ घेताना मी तक्त्याची सुरुवात 'चिरणे' आणि 'कालवणे' या दोन क्रियापदांनी केली. अग्नीच्या रकान्यात त्यांच्यापुढे उणे चिन्ह लावले. विद्यार्थ्यांनी उदाहरण विचारले. मी तो कागद काढला आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.